नडगी

'बोन टॉमहॉक' हा सिनेमा पाहिलेल्या कुणालाही त्यातलं सगळ्यांत भयंकर दृश्य विचारा. तो गुहेतल्या त्या तरुण डेप्युटीबद्दल बोलायला लागेल आणि अर्ध्यावर थांबेल. माझं दृश्य वेगळं आहे. रात्रीची वेळ. नडगीचं हाड मोडलेला नवरा पलंगावर पडून आहे. दाराशी बोलावणं आलंय: तुरुंगात एकाच्या पायात गोळी आहे, ती काढायची आहे, आणि गावचा डॉक्टर दारूच्या अमलाखाली आहे. बायको डॉक्टरच्या हाताखाली काम केलेली, तिला हे जमतं. ती निघते. तो तिला सोबत करू शकत नाही, दारापर्यंतसुद्धा जाऊ शकत नाही. सकाळी शेरीफ घरी येतो तेव्हा ती परत आलेली नसते.

इथे मी लॅपटॉप बंद केला. पुन्हा उघडला तो आठ दिवसांनी.

माझी नडगी मोडली त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत गच्चीवरच्या पत्र्यावर ताडपत्री बांधावी म्हणून चढलो आणि शिडी सरकली. बायको खालून ओरडत होती, "राहू दे, माणूस बोलावू." सिनेमातला आर्थरही छपरावरूनच पडलेला आहे आणि त्याच्याही बायकोने त्याला चढू नको म्हणून सांगितलेलं असतं, हे नंतर पाहताना अंगावर काटा आला. हाडात रॉड बसला. तीन महिने पायावर भार द्यायचा नाही, असं सर्जननी बजावलं. आम्ही कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. त्या तीन महिन्यांत मी चार वेळा खाली उतरलो, तेही खुर्चीत बसवून चौघांनी उचललं म्हणून.

जुलैतल्या एका रात्री माझ्या गोळ्या संपल्या. पाऊस दोन दिवस तुटला नव्हता, पंचगंगा पात्राबाहेर आली होती, पण आमच्या बाजूला पाणी नव्हतं. साडेआठला ती स्कूटर घेऊन मेडिकलकडे निघाली. "दहा मिनिटांत येते." नऊ वाजले. वीज गेली. फोन लागेना. साडेनऊ वाजले. मी वॉकर ओढून दारापर्यंत गेलो, कडी काढली, आणि अंधारातल्या जिन्याकडे बघत उभा राहिलो. छप्पन्न पायऱ्या. मी त्या कधीच मोजल्या नव्हत्या. त्या रात्रीनंतर पाठ झाल्या.

तर हा सिनेमा.

एस. क्रेग झालर या लेखकाने स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट, 2015 चा. खर्च साधारण 18 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात काहीच नाही. चित्रीकरण अवघ्या 21 दिवसांत उरकलं. काळ 1890 च्या दशकातला, गावाचं नाव 'ब्राइट होप'. उजळ आशा! दोन लुटारू एका दफनभूमीवरून बेमुर्वतपणे तुडवत जातात, त्यातला एक मरतो, दुसरा पळून या गावात येतो आणि त्याच्या मागावर गुहेत राहणारी नरभक्षक टोळी येते. ते आर्थरच्या बायकोला, सामंथाला, एका डेप्युटीला आणि त्या लुटारूला उचलून नेतात. त्यांना सोडवायला चौघे निघतात: शेरीफ हंट (कर्ट रसेल), त्याचा म्हातारा मदतनीस चिकरी (रिचर्ड जेन्किन्स), गर्विष्ठ आणि टापटिपीचा ब्रूडर (मॅथ्यू फॉक्स), आणि मोडक्या पायाचा आर्थर (पॅट्रिक विल्सन). पळवलेल्या बाईच्या शोधात निघालेले पुरुष ही वेस्टर्नमधली, म्हणजे काउबॉयपटांतली, जुनी गोष्ट, जॉन फोर्डच्या 1956 च्या 'द सर्चर्स'पासून हाडामासात भिनलेली. झालर त्या वाटेने आपल्याला नेतो आणि शेवटच्या टप्प्यावर वाट थेट भयपटात उतरते.

दोन्हींची सरमिसळ काही नवी नाही. 1959 च्या 'कर्स ऑफ द अनडेड'मध्ये पिस्तूलबाज पिशाच आहे, 1966 मध्ये बिली द किडची ड्रॅक्युलाशी गाठ घालून झाली. 1987 मध्ये कॅथरीन बिगेलोच्या 'निअर डार्क'ने पिशाचांना ओक्लाहोमाच्या रस्त्यांवर फिरवलं, 1999 मध्ये 'रॅव्हनस' आला. आणि खऱ्या पश्चिमेत तरी भय कुठे कमी होतं? 1846 च्या हिवाळ्यात डॉनर यांचा 87 जणांचा तांडा कॅलिफोर्नियाकडे जाताना सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला, जवळपास निम्मी माणसं गेली, आणि वाचलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन जीव जगवला. सिनेमातल्या घोडदौडी आणि सूर्यास्त यांच्याखाली हे सगळं गाडलेलं आहे. भयपट ते फक्त उकरतो.

झालरचं वेगळेपण त्याच्या संथपणात आहे. 132 मिनिटांच्या या सिनेमात चौघे कितीतरी वेळ नुसते चालत असतात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. बुटांखाली दगड वाजतात, लगाम खुळखुळतात, कुबडी मातीत रुतते आणि सुटते. मी पाहताना आवाज वाढवला तेव्हा मला कुबडीचा तो आवाज ओळखू आला. रबराची टोपी घातलेली कुबडी फरशीवर वेगळी वाजते, मातीत वेगळी. पण भार टाकायच्या आधी माणूस श्वास रोखतो तो क्षण दोन्हीकडे सारखाच. पॅट्रिक विल्सनने तो श्वास बरोबर पकडला आहे. दुखणं दाखवताना नट सहसा कण्हतो. पण ज्याला दिवसभर दुखतं तो कण्हत नाही, तो मोजत असतो. पुढचं पाऊल कुठे, त्याच्या पुढचं कुठे.

आणि मग ही माणसं बोलतात. या बोलण्यावर मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे.

चिकरी बडबड्या आहे. विधुर, वयस्क, जरा विसराळू. शेकोटीपाशी तो विचारतो की आंघोळीच्या टबात बसून वाचायचं तर पुस्तक भिजू न देता कसं वाचायचं, आणि शेरीफ, जो उद्या मरायला चालला आहे, त्याला या प्रश्नाचं गंभीरपणे उत्तर देतो. पृथ्वी गोल आहे हे ऐकून माहीत आहे, पण हा जो भाग आपण तुडवतोय त्याबद्दल आपली खात्री नाही, असंही चिकरी एकदा बोलून जातो. थिएटरात हशा पिकावा असं वाक्य, पण म्हणणारा पूर्ण प्रामाणिक. पुढे गुहेत, पिंजऱ्यात कोंडलेले असताना, समोर आपल्या माणसाला जनावरासारखं फाडलेलं पाहिल्यावर, चिकरी सामंथाला विचारतो की तुम्ही कधी पिसवांची सर्कस पाहिली आहे का. त्या पिसवा जिवंत असतात की सगळी यंत्राची करामत, यावर तो बोलू लागतो. आणि ती, जिच्यासमोर नुकतंच ते सगळं घडलं आहे, त्याच्याशी पिसवांबद्दल बोलते.

हे दृश्य पहिल्यांदा पाहताना मी रडलो. दुसऱ्यांदाही.

कारण त्या जुलैच्या रात्री मी दारात उभा असताना समोरच्या घराचं दार उघडलं आणि टॉर्च घेऊन शेजारचे काका बाहेर आले. एसटीत कंडक्टर म्हणून बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांनी मला विचारलं नाही की काय झालं. खुर्ची ओढली, मला बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, उशी सारखी केली, स्वतः समोर बसले आणि म्हणाले, "सर, एक इचारू का? मला आजवर कुणी नीट उत्तर दिल्यालं न्हाई."

प्रश्न असा होता. फोंडा घाटात त्यांच्या गाडीत एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेली. घाटात गाडी बंद पडली, तीन तास उभी. तेवढ्यात एका कोंबडीने अंडं घातलं, ते घरंगळत पुढच्या बाकाखाली गेलं, आणि तिथे बसलेल्या माणसाने उचललं. म्हातारी म्हणाली माझं. तो म्हणाला, माझ्या पायाशी आलं ते माझं. दोघं कंडक्टरकडे आली. "आता सांगा. म्हातारीचं तिकीट हुतं. कोंबडीचं तिकीट न्हवतं. मग अंडं कुणाचं?"

मी काही बोललो नाही. ते बोलत राहिले. गाडीतल्या कोण कोण लोकांनी काय काय मत दिलं ते सगळं सांगितलं. एका वकिलाने काय सांगितलं, ड्रायव्हरने काय. मध्येच म्हणाले, "तुमी काय म्हणता?" आणि मला उत्तर द्यावं लागलं. मी म्हणालो म्हातारीचं. ते म्हणाले का. मी कारण दिलं. त्यांनी ते खोडून काढलं. मी दुसरं दिलं. टॉर्चचं बटण ते अंगठ्याने सारखं चालू-बंद करत होते, टिक्, टिक्, टिक्, तिकिटाच्या पंचिंगची सवय असावी तसं. प्रत्येक टिकीला भिंतीवर त्यांच्या डोक्याची सावली उठत होती आणि जात होती. सव्वादहापर्यंत आम्ही अंड्यावर वाद घातला.

सव्वादहाला ती आली. रस्त्यावर पाणी चढलं होतं, स्कूटर बंद पडली होती, ती चालत आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात गोळ्यांची पिशवी, डोक्यावर धरल्यामुळे कोरडी. काका उठले, "आल्या बगा" म्हणाले, आणि आपल्या घरात गेले.

चिकरीची बडबड मला म्हणूनच विनोदी वाटली नाही. भीती माणसाला गप्प करते आणि त्या गप्पपणात ती वाढत जाते. दुसऱ्याला एखादा बिनमहत्त्वाचा प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर मन लावून ऐकणं याला धैर्य लागतं. सिनेमात बंदूक चालवणारे तिघे आहेत. मला विचाराल तर त्यांच्यापेक्षा हा म्हातारा शूर.

आता एक गोष्ट, जी मला बोचते आणि जी टाळून या सिनेमावर लिहिणं खोटेपणाचं होईल.

नरभक्षक टोळीबद्दल गावातला एक सुशिक्षित मूलनिवासी माणूस माहिती देतो. ही भूमिका झान मॅक्क्लार्ननने केली आहे, जो स्वतः लकोटा या अमेरिकन मूलनिवासी जमातीच्या वंशाचा आहे. तो सांगतो की हे आमच्यापैकी नाहीत, यांचं रक्तच नासलेलं आहे, पण तुमच्यासारख्यांना फरक कळायचा नाही. झालरने हा प्रसंग आरोपातून सुटका म्हणून लिहिला असावा. तेवढ्याने सुटका होत नाही. कथेच्या काळाच्या अगदी तोंडावर, डिसेंबर 1890 मध्ये, वूंडेड नी इथे अमेरिकन लष्कराने शेकडो लकोटा माणसं मारली, त्यांत बायका आणि मुलं होती. एका संपूर्ण जमातीचं रक्त नासकं असतं, ही कल्पना तिथे बंदुकीच्या गोळीइतकी खरी होती.

आणि आपल्याकडेही. इंग्रजांनी 1871 मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला आणि माणसं जन्मानेच गुन्हेगार ठरवली. सोलापुरात तारेच्या कुंपणात 'सेटलमेंट' उभी राहिली. लोकांना हजेरी द्यावी लागायची, बाहेर जायचं तर परवानगी. कायदा रद्द होऊन 31 ऑगस्ट 1952 ला ही माणसं विमुक्त झाली, पण पारध्याच्या पोराकडे वर्गात कसं पाहिलं जातं ते मी शिक्षक म्हणून गेली पंधरा वर्षं पाहतो आहे. चोरी झाली की सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळतात. म्हणून पडद्यावर 'नासलेलं रक्त' ऐकलं की मला राक्षस आठवत नाहीत, तो बाक आठवतो. हा सिनेमा मला मनापासून आवडतो आणि त्याचा हा पाया मला मान्य नाही. दोन्ही गोष्टी मी बरोबर घेऊन चालतो.

'द सर्चर्स'च्या मुळाशी असलेल्या खऱ्या हकिकतींपैकी एक इथे आठवते. 1836 मध्ये टेक्सासात सिंथिया अ‍ॅन पार्कर नावाची साधारण नऊ वर्षांची मुलगी कोमांचे या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी पळवली. ती त्यांच्यातच वाढली, तिथेच लग्न झालं, मुलं झाली. 1860 मध्ये गोऱ्यांनी तिला 'सोडवलं'. ती पुन्हा त्यांच्यात रमलीच नाही, कोमांचेंकडे पळून जायचा प्रयत्न करत राहिली. तिचा मुलगा क्वाना पुढे कोमांचेंचा प्रमुख झाला. कुणाला कुणापासून सोडवायचं, हा प्रश्न या सगळ्या सिनेमांच्या बुडाशी तसाच पडून आहे.

झालरला हे अगदीच कळत नाही असं नाही. वाटेत रात्री दोन मेक्सिकन माणसं छावणीपाशी येतात आणि ब्रूडर त्यांना नुसत्या संशयावरून गोळ्या घालतो. चिकरी, तोच बडबड्या चिकरी, कडवटपणे बोलतो की ब्रूडरसाहेबांनी या दोघांना 'मॅनिफेस्ट डेस्टिनी'चा अर्थ शिकवला. 1845 पासून अमेरिकेत घोषणेसारखा वापरलेला हा शब्द. खंडभर पसरणं ही आमची दैवी नियतीच आहे, असा त्याचा मतितार्थ. पुढच्या अंधारात हल्ला होतो, घोडे चोरीला जातात, आणि त्यानंतर मोडक्या पायाच्या माणसाला पायी चालावं लागतं.

या पायी चालण्यातच ते दुसरं दृश्य आहे, जे मी तीन तुकड्यांत पाहिलं. आर्थरची ब्रूडरशी झटापट होते आणि नडगी पुन्हा सरकते. हाड परत जागेवर बसवावं लागतं. बाकीच्यांना पुढे निघणं भाग असतं, त्याला मागे ठेवून ते जातात. शुद्धीवर येतो तेव्हा तो एकटा आहे. तो उठतो. जमेल तेवढं चालतो, जमत नाही तिथे सरपटतो, देवाशी बोलतो, माग काढतो. नायक जमिनीला छाती घासत पुढे जातो आणि घोड्यावरून जाणाऱ्या कोणत्याही नायकाहून मोठा दिसतो.

टोळीतल्या माणसांच्या गळ्यात, श्वासनलिकेतच, हाडाची शिट्टी रुतवलेली असते. त्यांची हाक म्हणजे माणसाचाही नाही, जनावराचाही नाही असा एक हंबरडा, डोंगराच्या पोटातून आल्यासारखा. भाषा नावाची गोष्टच त्यांच्यापाशी नाही. आर्थर एकाला मारतो, त्याच्या गळ्यातली ती शिट्टी कापून काढतो आणि फुंकतो, बाकीच्यांना भुलवायला. मला इथे दर वेळी चिकरी आठवतो. एका बाजूला फक्त हाक, दुसऱ्या बाजूला टबात पुस्तक कसं वाचावं याची चर्चा.

गुहेच्या आतलं मी इथे लिहिणार नाही. तिथल्या बायकांची जी अवस्था दाखवली आहे ती पाहून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. ज्यांना रक्त सोसत नाही त्यांनी पाहू नये, हे मी मनापासून सांगतो; पहिले दीड तास पाहिले तरी पुष्कळ आहे.

शेवटी हंट गुहेतच राहतो. पोटाची जखम अशी आहे की तो वाचणार नाही. उरलेले परत आले तर गोळ्या घालायला तो बंदूक हातात घेऊन बसतो. चिकरी, सामंथा आणि लंगडणारा आर्थर बाहेर पडून चालू लागतात, आणि बऱ्याच अंतरावर आल्यावर मागून एकामागून एक तीन बार ऐकू येतात.

ब्राइट होपचे रस्ते ज्या पॅरामाउंट रँचवर उभे केले होते, तिथलं वेस्टर्न गाव नोव्हेंबर 2018 च्या वणव्यात जवळपास सगळं जळून गेलं. सिनेमात कंदिलाच्या उजेडात दिसणारी ती लाकडी दारं आता नाहीत.

सिनेमा संपला त्या रविवारी मी छप्पन्न पायऱ्या उतरलो, दूध आणलं, वर आलो, आणि काकांचं दार वाजवलं. चहा झाला. मी म्हणालो, "काका, ते अंडं शेवटी कुणाला दिलंत?"

"फुटलं की वो," काका म्हणाले. "दोघांच्या वढाताणीत."

मग मी जे विचारायला गेलो होतो ते विचारलं. त्या रात्री तुम्हाला भीती नाही वाटली?

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. "सर, माझी सून बी त्याच रस्त्यावर हुती. धाकल्याची. दवाखान्यातनं ड्यूटी सुटून यायची हुती नऊला. ती साडेअकराला आली."

स्वयंपाकघरात सून भांडी लावत होती. टॉर्च फ्रिजवर उभी ठेवली होती.